जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट बसवल्यावर स्क्रीन काळी होते. नोमोडसेट टाकले तर चित्र १०२४×७६८ वर अडकते. काय करावे?

आपल्या प्रश्नातून मला समजलेली परिस्थिती अशी. लॅपटॉप साधारण २०१० सालचा आहे, त्यात एनव्हिडियाची जीफोर्स ३१०एम ही चिप आहे आणि पडद्याचे मूळ रिझोल्यूशन १३६६×७६८ आहे. लिनक्स मिंट २२ 'कम्पॅटिबिलिटी मोड'मधून बसले, पण पहिल्या रीस्टार्टनंतर स्क्रीन काळी झाली, म्हणून कोणाच्या तरी सल्ल्यावरून आपण ग्रबच्या (मशीन सुरू होताना लिनक्स चालू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये 'नोमोडसेट' हा शब्द कायमचा लिहून ठेवला. आता मशीन सुरू होते, परंतु चित्र १०२४×७६८ च्या पुढे जात नाही, ब्राइटनेसची बटणे निकामी झाली आहेत आणि व्हिडिओ अडखळत चालतात. वरवर पाहता या तीन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण त्यांचे मूळ त्या एका शब्दात आहे.

शाळा आणि वाचनालयांना मिळालेल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे आणि 'नोमोडसेट टाका, प्रश्न सुटेल' हा सल्ला मला वारंवार ऐकू येतो. तो अर्धवट आहे, आणि त्यामुळे चांगली चालू शकणारी यंत्रे कायमची मंद होऊन बसतात याचे मला मनापासून वाईट वाटते. नोमोडसेट ही मोडलेल्या पायाला दिलेली कुबडी आहे. दारापर्यंत पोहोचायला ती उपयोगी पडते, पण पाय बरा करण्याचे काम त्यानंतर सुरू होते.

एक सूचना आधीच देते. कमांड आणि पॅरामीटर (मशीन सुरू होताना लिनक्सला द्यायच्या सूचना) मी येथे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांत आणि, वेगळे सांगितले नसेल तेथे, लहान लिपीत लिहावेत.

पूर्वी पडद्याचे रिझोल्यूशन ठरवण्याचे काम एक्स सर्व्हर हा वेगळा प्रोग्रॅम करत असे. २००९ साली आलेल्या २.६.२९ या कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) हे काम कर्नलमधील ग्राफिक्स ड्रायव्हरकडे, म्हणजे चिप चालवणाऱ्या भागाकडे, जाऊ लागले. सुरुवात इंटेलच्या चिपपासून झाली. एनव्हिडियाच्या चिपसाठीचा 'नूवो' हा मुक्त ड्रायव्हर २०१० च्या फेब्रुवारीत आलेल्या २.६.३३ मध्ये मुख्य कर्नलात दाखल झाला. नोमोडसेट लिहिल्यावर कर्नल या ड्रायव्हरना पडद्याला हात लावू देत नाही. मग उरते ती बायोसने (लॅपटॉप सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या अंगभूत प्रोग्रॅमने) दिलेली चित्र दाखवण्याची साधी सोय. जुन्या लॅपटॉपच्या व्हिडिओ बायोसमधील रिझोल्यूशनच्या यादीत १३६६×७६८ बहुधा नसतेच, म्हणून चित्र १०२४×७६८ वर थांबते. ग्राफिक्स चिपला काम मिळत नसल्याने प्रत्येक खिडकी आणि व्हिडिओची प्रत्येक चौकट प्रोसेसरला रंगवावी लागते, म्हणून सगळे अडखळते. पडद्यामागच्या दिव्याचे, म्हणजे बॅकलाइटचे, नियंत्रणही पुष्कळदा त्या ड्रायव्हरकडेच असल्याने ब्राइटनेसची बटणे गप्प बसतात.

याची खात्री करून घेणे सोपे आहे. मिंटमध्ये 'इन्क्सी' हे साधन आधीपासून असते. टर्मिनलमध्ये आय, एन, एक्स, आय ही अक्षरे, मग एक जागा, उणे चिन्ह आणि मोठ्या लिपीतील जी असे लिहून एंटर दाबावे. येणाऱ्या मजकुरात 'रेंडरर' या शब्दापुढे 'एलएलव्हीएमपाइप' दिसले, तर चित्र प्रोसेसर रंगवत आहे हे नक्की. ड्रायव्हर नीट चालू असेल तर त्याच जागी चिपचे सांकेतिक नाव दिसते, आपल्या चिपसाठी 'एनव्हीए८', आणि ड्रायव्हरच्या जागी नूवो. पुढे केलेला प्रत्येक बदल यशस्वी झाला की नाही, हे ठरवण्याची कसोटी हीच ठेवावी. चित्र डोळ्यांना बरे दिसते एवढ्यावर थांबू नये.

आता नोमोडसेट फक्त एका वेळेसाठी काढून पाहावे. रीस्टार्ट करताना शिफ्ट दाबून धरल्यावर ग्रबचा मेनू येतो (यूईएफआय, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीच्या मशीनवर एस्केप दाबावे लागते). पहिल्या ओळीवर असताना ई हे बटण दाबावे, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या लांबलचक ओळीवर जावे आणि तिच्या शेवटाकडील 'नोमोडसेट', 'क्वाएट' व 'स्प्लॅश' हे तिन्ही शब्द खोडून कंट्रोल आणि एक्स एकत्र दाबावे. येथे केलेला बदल डिस्कवर लिहिला जात नाही आणि पुढच्या रीस्टार्टला सर्व पूर्ववत होते, त्यामुळे हा प्रयोग निर्धास्तपणे करता येतो. 'क्वाएट' व 'स्प्लॅश' खोडण्याचा फायदा असा की बोधचिन्हाऐवजी कर्नलचे संदेश ओळीने धावताना दिसतात आणि चित्र नेमके कोणत्या टप्प्यावर गेले ते कळते.

कदाचित चित्र नीट येईलही, कारण इन्स्टॉलेशननंतर अपडेटमधून नवा कर्नल आलेला असतो. पण स्क्रीन पुन्हा काळी झाली, तर लगेच पॉवरचे बटण दाबून मशीन बंद करू नये. काळी स्क्रीन तीन अगदी वेगळ्या कारणांनी दिसू शकते आणि उपाय त्या कारणावर अवलंबून आहे.

प्रथम कॅप्सलॉक दाबावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर कर्नल जिवंत आहे आणि फक्त चित्र आपल्यापर्यंत पोहोचत नाही. त्यानंतर खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरावा, अगदी जवळून, आणि सावकाश एका कडेकडून दुसरीकडे न्यावा. काळ्या पृष्ठभागावर लॉगिनची चौकट किंवा अक्षरे पुसटशी दिसली, तर चित्र तयार होते आहे आणि केवळ बॅकलाइट विझलेला आहे. एवढी साधी तपासणी पुष्कळ लोक करत नाहीत आणि ड्रायव्हर बदलण्याच्या मागे लागतात, म्हणून मी ती आग्रहाने सांगते. तिसरी तपासणी म्हणजे बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडणे. चित्र तेथे उमटले तर ड्रायव्हर चालतो आहे, पण लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्याविषयी त्याचा गोंधळ झाला आहे.

बॅकलाइट विझलेला आढळला, तर ग्रबमधील त्याच ओळीत 'एसीपीआय', अधोरेखा, 'बॅकलाइट' असे सलग लिहून बरोबरचे चिन्ह आणि त्यापुढे 'व्हेंडर' हा शब्द द्यावा. काम न झाल्यास पुढच्या वेळी त्या जागी 'नेटिव्ह' आणि मग 'व्हिडिओ' घालून पाहावे. बॅकलाइटची सूत्रे कोणी हाती घ्यायची, लॅपटॉप कंपनीच्या खास मॉड्यूलने, ग्राफिक्स ड्रायव्हरने की एसीपीआयच्या (वीज आणि हार्डवेअर सांभाळण्याच्या मानक पद्धतीच्या) सर्वसाधारण यंत्रणेने, हे या तीन शब्दांतून ठरते. एका वेळी एकच शब्द तपासावा. दोन बदल एकत्र केले तर गुण कशाचा आला ते कळत नाही.

बाहेरच्या मॉनिटरवर चित्र आले, तर तेथूनच डिस्प्लेची सेटिंग उघडून पडद्यांची यादी पाहावी. त्या काळातील काही लॅपटॉपमध्ये टीव्हीसाठीचे जुने आउटपुट वापरात नसतानाही जोडलेले असल्याचे ड्रायव्हरला भासते आणि डेस्कटॉप त्या नसलेल्या पडद्यावर पसरतो. यादीत असा अनोळखी पडदा दिसला तर तो बंद करावा. कायमचा बंद करायचा असेल तर कर्नलच्या ओळीत 'व्हिडिओ', बरोबरचे चिन्ह, त्या आउटपुटचे नाव, विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह आणि डी असे लिहावे. आउटपुटची अचूक नावे '/सिस/क्लास/डीआरएम' या फोल्डरमध्ये दिसतात.

कॅप्सलॉकचा दिवाही हलत नसेल, तर ड्रायव्हरने मशीन गोठवले आहे. अशा वेळी ऑल्ट आणि सिसरिक्वेस्ट (लॅपटॉपवर हे बहुधा प्रिंटस्क्रीनच्याच बटणावर असते आणि कधी एफएनही दाबावे लागते) धरून एस, यू आणि बी ही बटणे थोड्या थोड्या अंतराने दाबून पाहावीत. या तीन कळांनी अनुक्रमे डिस्कवरील लिखाण पूर्ण होते, डिस्क केवळ-वाचनाच्या स्थितीत जाते आणि मशीन रीस्टार्ट होते. कर्नल पूर्ण गोठला असेल तर याचाही उपयोग होत नाही आणि तेव्हाच पॉवरचे बटण दाबून धरावे. त्यानंतर नोमोडसेटसह परत येऊन 'सुडो जर्नलसीटीएल -के -बी -१' ही कमांड दिली, की मागच्या वेळच्या कर्नलचे संदेश वाचता येतात. त्यांत नूवोच्या नावाच्या ओळी शोधाव्यात.

नूवोमुळे मशीन गोठते असे ठरले, तर माझा पहिला उपाय म्हणजे नोमोडसेटच्या जागी 'नूवो.नोॲक्सेल=१' लिहिणे. नूवोची इंग्रजी अक्षरे एन, ओ, यू, व्ही, ई, ए, यू अशी आहेत, त्यानंतर टिंब, मग एन, ओ, ए, सी, सी, ई, एल, बरोबरचे चिन्ह आणि एक. यामुळे ड्रायव्हर पडद्याचे रिझोल्यूशन ठरवतो, पण चित्र रंगवण्याच्या कामाला चिपला जुंपत नाही. बिघाड बहुधा याच दुसऱ्या कामात असतो. १३६६×७६८ परत मिळते आणि पुष्कळदा ब्राइटनेसही, फक्त वेग तेवढा वाढत नाही. म्हणून अशा मशीनवर सिनॅमन न वापरता एक्सएफसीई हा डेस्कटॉप घ्यावा, कारण सिनॅमनला खिडक्या रंगवायला थ्रीडी क्षमता लागते आणि एक्सएफसीईला ती लागत नाही.

दुसरा उपाय म्हणजे जुना कर्नल, आणि आपल्या परिस्थितीत मला हा अधिक आशादायक वाटतो. मिंट २२ मध्ये ६.८ हा कर्नल येतो, तर मिंट २१ मध्ये ५.१५, आणि मिंट २१ ला २०२७ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. ते पेनड्राइव्हवर घेऊन, काहीही न बसवता, नेहमीच्या पर्यायाने सुरू करून पाहावे. तेथे चित्र सरळ आले तर तेच बसवावे. नव्या आवृत्तीच्या हट्टापायी रोजचा त्रास सोसण्याचे कारण नाही.

एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर घ्यावा का, असाही प्रश्न येथे उरतो. जीफोर्स ३१०एमसाठी ३४० मालिकेचा ड्रायव्हर लागतो आणि कंपनीने त्याचा पाठिंबा २०१९ च्या अखेरीस थांबवला. त्यामुळे मिंट २२ च्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये तो दिसणार नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरून तो उतरवून जबरदस्तीने बसवू नये. नव्या कर्नलवर तो तसाच्या तसा तयार होत नाही आणि अर्धवट बसलेला ड्रायव्हर नूवोलाही बंद करून ठेवतो. असा प्रयत्न आधी झाला असेल, तर '/ईटीसी/मॉडप्रोब.डी' या फोल्डरमध्ये नूवोला ब्लॅकलिस्ट करणारी, म्हणजे सुरूच होऊ न देणारी, फाइल मागे राहिली आहे का ते पाहावे. ती असेल, तर इतर कोणताही उपाय लागू पडणार नाही.

चित्र आले पण किंचित धूसर दिसते आणि यादीत १३६० किंवा १३६८ असा आकडा आहे, असे झाल्यास घाबरू नये. १३६६ ला ८ ने पूर्ण भाग जात नाही आणि रिझोल्यूशनचे मोजमाप तयार करणारी जुनी सूत्रे रुंदी ८ च्या पटीत धरतात, त्यातून हे शेजारचे आकडे येतात. पडद्याची स्वतःची माहिती ड्रायव्हरला वाचता आली की खरा आकडा यादीत आपोआप येतो.

उपयोगी पडणारे पॅरामीटर हाती लागल्यावर ते कायमचे करावेत. त्याआधी मिंटमधील टाइमशिफ्ट या साधनाने एक स्नॅपशॉट, म्हणजे गरज पडल्यास परत जाता येईल अशी सध्याच्या स्थितीची प्रत, घ्यावा. मग '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' ही फाइल सुडोने उघडून 'लिनक्स डिफॉल्ट' या शब्दांनी संपणाऱ्या नावाच्या ओळीतील अवतरणचिन्हांमधून नोमोडसेट काढावे, नवा पॅरामीटर तेथे लिहावा, फाइल सेव्ह करून 'सुडो अपडेट-ग्रब' द्यावे. ही शेवटची कमांड विसरली तर फाइलमधील बदल बूटपर्यंत पोहोचत नाही.

एवढे सारे करण्यापूर्वी लॅपटॉप सुरू करून बायोस सेटअपमध्ये दोन-चार मिनिटे थांबावे, हे मात्र अवश्य करावे. रेघा, ठिपके किंवा थरथर तेथेही दिसत असेल तर दोष लिनक्सचा नाही. झाकण मागेपुढे करताना चित्र जात-येत असेल तर बिजागरीतून जाणारी पडद्याची केबल सैल झालेली किंवा झिजलेली असते, आणि ती चांगल्या दुरुस्ती करणाऱ्याकडून तपासून घेता येते.

बायोसमध्ये चित्र स्वच्छ असूनही वरच्या कशाने काम झाले नाही, तर टॉर्च व कॅप्सलॉकच्या तपासणीत काय आढळले ते, इन्क्सीचा मजकूर आणि जर्नलमधील नूवोच्या ओळी येथे द्याव्यात. त्यांवरून पुढचा पॅरामीटर नेमका सुचवता येईल.