आयआरसाठी (इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी, म्हणजे स्कॅनवर बघत सुई-कॅथेटरने उपचार) अमेरिकेत येऊ का? उत्तर लांबलंय, माफ कर

तुझा प्रश्न परवाच वाचला होता. "मॅम, एमडी रेडिओ झालंय, पुण्यात सीनियर रेसिडेंट आहे, इंटरव्हेन्शनमध्येच राहायचंय, अमेरिकेत एखाद्या अकॅडमिक सेंटरला यावं का? बायको डेंटिस्ट, मुलगा पाच वर्षांचा." दोन ओळींत उरकणार होते, पण काल रात्री एक जीआय ब्लीड (पोटातला रक्तस्राव) करून अडीचला घरी आले, झोप उडालेली, म्हणून बसले लिहायला. 'तू' म्हणते, बॅचच्या हिशेबाने बराच लहान आहेस.

परीक्षा, फिया, डेडलाइन यातलं काही सांगत बसत नाही, सगळं वेबसाइटवर आहे. एकच लक्षात घे, मी २०१६ला आले तेव्हा एक वर्षाची आयआर फेलोशिप असायची. मी आधी एक वर्ष बॉडी इमेजिंग केलं, मग ती फेलोशिप, मग तिथेच चिकटले आणि चार वर्षं एकाच ठिकाणी काढून एबीआरच्या, म्हणजे इथल्या रेडिओलॉजी बोर्डाच्या, अल्टरनेट पाथवेने (बाहेर शिकलेल्यांची वाट) परीक्षेला बसले. ती फेलोशिप २०२०ला बंद झाली. आता डायग्नॉस्टिक आणि आयआर एकत्र असलेली इंटिग्रेटेड रेसिडेन्सी, नाहीतर आधी डायग्नॉस्टिक करून पुढे आयआरची दोन वर्षांची इंडिपेंडंट. म्हणजे मी ज्या दाराने आत आले ते आता तसं राहिलेलं नाही, त्यामुळे माझ्यासारख्या जुन्या सीनियरचं 'आम्ही असं केलं' फार मनावर घेऊ नकोस.

आता कामाचं. तुला वाटतंय इथे येऊन हात बसेल. हात तुझा तिथेच बसलाय रे! मुंबईत रेसिडेन्सीत मी जेवढी पीटीबीडी (अडकलेलं पित्त काढायला यकृतात घालायची नळी) आणि नेफ्रोस्टॉमी (तशीच मूत्रपिंडातली नळी) केली तेवढी इथल्या पोराला पूर्ण ट्रेनिंगमध्ये मिळतील का शंका आहे. रक्तवाहिनी बंद करायचा जेलफोमचा स्पंज कात्रीने कापायचा, दोन सिरिंज आणि थ्री-वे लावून घोटायचा, त्याच कामाच्या धातूच्या कॉइल किती लागतील ते आधी मनात मोजायचं कारण बाहेर पेशंटचा भाऊ पैशांची जुळवाजुळव करून एकेक आणतोय. इथे पहिल्याच आठवड्यात माझ्या अटेंडिंगने (वरिष्ठ डॉक्टरने) कॉइल उघडली, साइज पटली नाही, टाकून दिली, दुसरी उघडली, आणि मी टेक्निशियनच्या तोंडाकडे बघत राहिले की आता कोणीतरी ओरडेल. कोणी नाही ओरडलं. अजूनही माझ्याकडून कॉइल वाया गेली की पोटात गोळा येतो, फेलो हसतात मला.

मग इथे शिकण्यासारखं काय, तर क्लिनिक. हे मला यायच्या आधी कोणी सांगितलं नव्हतं म्हणून जरा सविस्तर सांगते. चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टची गोष्ट तुला माहीत असेल, १९६४च्या जानेवारीत पोर्टलंडला, ८२ वर्षांची बाई, पायाची बोटं काळी पडलेली, सर्जन म्हणाले पाय काढू, बाई म्हणाली नाही काढायचा. डॉटरने मांडीतली अडकलेली धमनी कॅथेटरने रुंद करून दिली आणि ती बाई पुढे अडीचेक वर्षं जगली, स्वतःच्या पायांवर. एवढं सगळे सांगतात. पण त्याच डॉटरने चार वर्षांनी लिहून ठेवलं होतं की पेशंटची जबाबदारी घेतली नाही तर आपण महागडे प्लंबर होऊ आणि आपलं काम दुसरे घेऊन जातील. हे कोणी सांगत नाही. मी मुंबईत प्लंबरच होते. चांगली होते, पण प्लंबर. खालून फोन यायचा, "मॅडम, एक ड्रेन आहे", करून द्यायचा, पेशंटचं तोंडसुद्धा धड पाहिलेलं नसायचं.

इथे आठवड्यातला एक अख्खा दिवस ओपीडी. लिव्हर कॅन्सरचा पेशंट रेफर होतो, ट्यूमर बोर्डवर हिपॅटॉलॉजी, सर्जन, ऑन्को, मी, सगळे मिळून ठरवतात, आणि वाय-९० (गाठीच्या धमनीत सोडायचे किरणोत्सारी कण) द्यायचं ठरलं की तो माणूस माझा. आधी मॅपिंग अँजिओ करायची, टेक्नेशियम एमएए (चाचणीपुरते किरणोत्सारी कण) सोडून फुप्फुसात किती जातंय ते बघायचं, मग एक-दोन आठवड्यांनी डोस. त्या डोसची हाफ-लाइफ ६४ तास, तेवढ्यात त्याचा जोर निम्मा होतो, म्हणून तो ठरलेल्या दिवसाच्या आणि वेळेच्या हिशेबाने मागवलेला असतो. एका फेब्रुवारीत माझा एक पेशंट, दूध-डेअरीवाला शेतकरी, बर्फात गाडी रुतून दुपारपर्यंत पोचलाच नाही, इकडे न्यूक्लिअर मेडिसिनवाले दर अर्ध्या तासाला मला आकडा सांगतायत. मिळाला शेवटी डोस. पण सांगायचं ते वेगळंच, तीन महिन्यांनी स्कॅन घेऊन तो माझ्यासमोर बसला आणि मी त्याला सांगितलं की गाठ मेलीये, तेव्हा लक्षात आलं की एवढ्या वर्षांत मी कुठल्या पेशंटला हे स्वतःच्या तोंडाने कधी सांगितलंच नव्हतं. वाईट बातमीसुद्धा मीच द्यायची आता. आणि 'नाही' म्हणायचं, हे सगळ्यात अवघड. दोन दिवसांचा सोबती असलेल्या पेशंटला ड्रेन घालून काही होणार नाही हे फोनवर सर्जनला पटवायला मला तीन वर्षं लागली.

रिसर्चचंही तेच. आपल्याकडे केसेस ढीगभर, पण पेशंट गावी गेला की गेला. इथे केसेस कमी, पण दोन वर्षांपूर्वीच्या प्रोस्टेट एम्बोलायझेशनवाल्याला (प्रोस्टेटचा रक्तपुरवठा कमी करायची प्रोसीजर) कोऑर्डिनेटर फोन करून विचारते रात्री किती वेळा उठता. हाच डेटा, दुसरं काही जादू नाही. अडचण एकच, आयआरबीची, म्हणजे रिसर्चच्या एथिक्स कमिटीची मंजुरी. जुन्या फाइली चाळायच्या तरी महिनाभर मेलामेली, ते डोक्याला शॉट आहे, पण सवय होते. एका पेपरवर माझं नाव दुसऱ्या नंबरवरून चौथ्यावर गेलं, ती कथा लिहीत नाही, अजून राग जात नाही.

आपल्याकडेही आता आयआरमध्ये डीएम (एमडीच्या पुढची डिग्री) आहे, चांगली युनिट्स आहेत. क्लिनिक तिथे उभं करता येत असेल तर कर. मी असते तर आज काय केलं असतं माहीत नाही.

कागदांचं सांगते, कारण ते वेबसाइटवर नसतं. तू पुरुष आहेस, तुझं नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच. माझं एमबीबीएसचं मार्कशीट माहेरच्या नावाने, मध्ये बाबांचं नाव. पासपोर्ट सासरचा, मध्ये नवऱ्याचं. इकडे मधलं नाव म्हणजे कोणीतरी हौसेने ठेवलेलं दुसरं नाव, ते बदलतं कसं हे त्यांना कळेना. 'या दोन्ही व्यक्ती एकच' असं स्टॅम्पपेपरवर अॅफिडेव्हिट, गॅझेट, लग्नाचं सर्टिफिकेट, तरी युनिव्हर्सिटीच्या एका टेबलावर व्हेरिफिकेशन चार महिने पडून. बाबा मिरजेहून एसटीने तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी तिथल्या बाईंनी विचारलं, तुम्ही कोण? बाबा म्हणाले, ते मार्कशीटवर मधलं नाव आहे ना, तो मी. घरी येऊन हसत हसत सांगितलं त्यांनी. तर बायकोची डिग्री आणि पासपोर्ट आजच शेजारी शेजारी ठेवून बघ.

शाळेचं तू विचारलंस की "मुलं पटकन अॅडजस्ट होतात ना?" होतात. माझी लेक सात वर्षांची होती, पुण्यात इंग्लिश मीडियममध्ये दुसरीत, धडाधड वाचायची. शाळेत अॅडमिशनच्या वेळी एक फॉर्म देतात, घरात कोणती भाषा बोलता. मी खरं ते लिहिलं, मराठी. झालं! तिला अनोळखी बाईसमोर बसवून इंग्रजीची टेस्ट घेतली, ही आधीच बुजलेली, तोंड उघडलं नाही, आणि मग दीड वर्ष रोज वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत, जिथे तिला अॅपल आणि बॉलची चित्रं दाखवायचे. त्यातून बाहेर पडायची टेस्ट वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. पहिल्या खेपेला तिला ताप होता. मी प्रिन्सिपलला तीन मेल लिहिले, तिन्हीला अतिशय गोड उत्तरं आली आणि झालं काहीच नाही. मंडळातल्या एका ताईंनी मग सांगितलं, अगं, आम्ही सगळे इंग्लिश लिहितो. म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं! लेकीने त्या वर्षी घरात मराठी बोलणं बंद केलं. आता सोळाची आहे, आमचं सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. मध्ये एकदा भांडणात म्हणाली, फॉर्मवर तूच लिहिलं होतंस ना. आणि ग्रीन कार्डची आमची रांग जागची हललेली नाही, ही २१ची झाली की माझ्या फाइलमधून बाहेर पडून हिला स्वतःचा व्हिसा बघावा लागेल, हे तिलाही आता कळायला लागलंय.

एकटेपणा. असतो. गणपतीला मंडळात जायचं, मोदक खायचे, घरी यायचं. पुढे.

पुढे म्हणजे, २०२१चा मे. बाबांना कावीळ झाली, खाज सुटेना, बिलिरुबिन १८, स्कॅन मीच फोनवर पाहिला आणि पाहताक्षणी कळलं, पित्ताच्या नळ्या, डक्ट, जिथे एकत्र येतात तिथेच गाठ. तिकडे दुसरी लाट, बेड नाहीत. इकडे माझा व्हिसाचा स्टॅम्प संपलेला, कॉन्सुलेट जवळपास बंद, आणि त्याच आठवड्यात भारतातून येणाऱ्यांना अमेरिकेने दार लावलेलं. अपवाद होते, पण वकीलबाई म्हणाल्या, गेलात तर परत कधी याल ते मी सांगू शकत नाही. नवऱ्याला नुकतंच काम लागलेलं, लेक बारा वर्षांची. नाही गेले.

पीटीबीडी माझ्याच एका ज्युनिअरने केली, कोल्हापूरला. दर आठवड्याला मी दुसऱ्यांच्या बापांना करते ती प्रोसीजर. पोराने इतक्या धावपळीत वेळ काढून केली आणि रात्री इमेजेस पाठवल्या, आणि तुला सांगते मी काय केलं, मी त्याला लिहिलं की पंक्चर जरा सेंट्रल, मधल्या भागात झालंय, मी अजून पेरिफेरल, कडेची डक्ट धरली असती. त्याने फक्त "हो मॅम" लिहिलं. त्याची माफी मी अजून मागितलेली नाही.

आई मग रोज पिशवी रिकामी करायची. व्हिडिओ कॉलवर मी तिला सलाइनचं फ्लश शिकवलं, दहा एमएल, हळू, जोर नाही लावायचा. किती निघालं ते लिहून ठेव म्हणलं तर तिने कालनिर्णयवर लिहिलं, दुधाचा हिशेब जिथे लिहायची त्याच चौकोनांत. दूध १, खाली ३५०. दूध १, खाली ४००. ऑगस्टच्या पानावर १९ तारखेनंतर नुसतं दूध आहे. ती पानं मी पुढच्या वर्षी गेले तेव्हा घेऊन आले, माझ्या क्लिनिकच्या ड्रॉवरमध्ये आहेत. ड्रेनवाल्या पेशंटच्या घरच्यांना आम्ही छापील तक्ता देतो. मी त्यांना सांगते, तक्ता हरवला तर कॅलेंडरवर लिहा.

बघ, तू करिअरचं विचारलंस आणि मी कुठे गेले. पण तुझ्या मेसेजमध्ये आठ प्रश्न होते, त्यातले सात तुझे, आणि बायकोचं "तिचं लायसन्स बघू नंतर" एवढ्यात उरकलंस. माझा नवरा सिव्हिल इंजिनिअर, पुण्यात पूल बांधायचा. एच-फोरवर (जोडीदाराचा व्हिसा) माझी आय-१४० (ग्रीन कार्डच्या वाटेवरचा अर्ज) मंजूर होईपर्यंत तीन वर्षं त्याला काम करता आलं नाही. मला बर्फात हॉस्पिटलला सोडायचा, लेकीला शाळेत, आणि दुपारी काय करायचा ते मी तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायला मला वेळ नव्हता. डेंटिस्टला तर इथे बऱ्याच राज्यांत दोन-तीन वर्षं परत कॉलेज करावं लागतं, आणि त्याची फी बघून तुझे डोळे पांढरे होतील.

तर तुला बाकीची उत्तरं देते सावकाश, सीव्ही पाठव, बघते. पण आधी तिला माझा नंबर दे. तिला जे विचारायचंय ते तिलाच विचारू दे, रविवारी मी मोकळी असते, तुमच्याकडची संध्याकाळ. तू फोनवर शेजारी बसू नकोस.