पेन्सिल बाजूला ठेवा : नोटेशन वाचण्याबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : वय 42, कीबोर्ड शिकायला लागून 6 महिने झालेत. स्टाफ नोटेशन (5 रेषांवर ठिपक्यांनी सूर लिहायची पद्धत) समोर आलं की मी प्रत्येक नोटखाली पेन्सिलने सी, डी, ई लिहून घेते, मग वाजवता येतं. न लिहिता मात्र खालच्या रेषेपासून मोजत बसावं लागतं. वय आड येतंय का?

उत्तर : वय नाही हो, ती पेन्सिल आड येतेय! खाली अक्षर लिहिलेलं असलं की डोळे अक्षरच वाचणार, वरच्या ठिपक्याकडे बघायची त्यांना गरजच काय, त्यामुळे 6 महिने तुम्ही नोटेशन वाचलंच नाहीये, एबीसीडी वाचलीये. (मीपण वर्षभर हेच केलंय, म्हणून इतक्या हक्काने बोलतेय.)

सगळ्या रेषा पाठ करायच्या भानगडीत पडू नका, आधी दोनच खुणा पक्क्या करा. ट्रेबल क्लेफ, म्हणजे रेषांच्या सुरुवातीला असतं ते वळणदार चिन्ह, मुळात जी अक्षरच आहे, लिहून लिहून त्याचं असं वेटोळं झालंय, आणि ते खालून दुसऱ्या रेषेभोवती फिरतं म्हणून ती रेषा जी. दुसरी खूण मिडल सी, 5 रेषांच्या खाली स्वतःची छोटीशी जादा रेषा (लेजर लाइन) घेऊन बसलेला.

आता यापुढे नाव नाही, अंतर बघायचं. रेषेवरून लगतच्या मोकळ्या जागेत गेलं की शेजारची पांढरी पट्टी, रेषेवरून पुढच्या रेषेवर गेलं की मधली एक पांढरी सोडायची, आणि मधली एक अख्खी रेषा ओलांडून त्यापुढच्या रेषेवर गेलं की पाचवा सूर, म्हणजे सी ते जी एवढं अंतर. शार्प-फ्लॅट (सूर अर्ध्या पायरीने वर किंवा खाली नेणाऱ्या खुणा) असतील तर बहुधा काळ्या पट्ट्या येणार, पण नोटा वर चालल्यात की खाली आणि किती लांब हे तसंच राहतं. नोटेशन हे खरं तर सुरांचं चित्र आहे, चित्रासारखंच बघा, जमायला लागतं.

अजून एक, पत्रात तुम्ही तालाबद्दल चकार शब्द काढलेला नाही आणि बहुतेकांची गाडी अडते तिथेच. पट्टी चुकली तर एक सूर चुकतो, ताल चुकला तर गाणंच ओळखू येत नाही. म्हणून आधी कीबोर्ड बंद ठेवून नुसत्या टाळ्या वाजवा. 4/4 मध्ये, म्हणजे दर बारला (उभ्या रेषांमधल्या कप्प्याला) 4 मात्रा असतील तेव्हा, क्वार्टर नोटला 1 मात्रा, हाफला 2, होलला 4, एट्थला अर्धी, आणि नोटच्या बाजूला टिंब असेल तर तिच्या किमतीत निम्म्याची भर, म्हणजे टिंबवाली हाफ 3 मात्रांची. रेस्ट (गप्प राहायची खूण) आली की टाळी थांबते, मोजणं थांबत नाही, हे विसरलात की पुढचं सगळं घसरतं.

रोज अगदी सोप्या, कधीच न वाजवलेल्या 8 बार घ्या, हव्या तेवढ्या हळू वाजवा, पण चुकलं तरी मागे फिरू नका. तीच धून दहादा वाजवली की ती पाठ होते आणि वाचणं राहूनच जातं, म्हणून दुसऱ्या दिवशी नवीन.

प्रश्न : खालून दुसरी तीच रेषा ट्रेबलमध्ये जी आणि बेस क्लेफमध्ये (खालच्या सुरांच्या) बी? हा काय छळ आहे?

उत्तर : छळ वाटतो खरा, पण खालचे सूर ट्रेबलवरच लिहायचे म्हटले तर खाली लेजर लाइन्सची शिडी होईल, ती कोण वाचणार? बेस क्लेफ म्हणजे एफ अक्षर, त्याची दोन टिंबं ज्या रेषेच्या वर-खाली असतात ती एफ. आणि गंमत बघा, मिडल सीपासून वर पाचवा सूर जी, ट्रेबलच्या खालून दुसऱ्या रेषेवर, खाली पाचवा एफ, बेसच्या वरून दुसऱ्या रेषेवर. आरशातल्यासारखं! हे एकदा दिसलं की बेस क्लेफची भीती अर्धी जाते.

प्रश्न : मला सरगम येते. सा म्हणजेच सी ना?

उत्तर : नाही. सा तुम्ही ठेवाल तिथे असतो, सी जागचा हलत नाही. गाण्याची पट्टी (स्केल) सीची असेल तेव्हाच दोघं एक होतात, जी धरलीत तर सा जीवर येतो आणि शुद्ध नी वाजवायला एफ शार्प लागतो, म्हणून त्या पट्टीच्या नोटेशनमध्ये क्लेफच्या शेजारी एक शार्प आधीच लिहिलेला असतो. सरगम येतेय तर ती सोडू नका, की सिग्नेचर, म्हणजे क्लेफशेजारचे ते शार्प-फ्लॅट, बघून आधी सा शोधायचा, बाकीचे सूर तुमच्या ओळखीचेच आहेत.