वैशाखात रानात ये

अंबाजोगाई
अक्षयतृतीयेनंतरचा सोमवार

प्रिय लेकरा,

तुझा निरोप मिळाला. सुटी लागून पंधरा दिवस झाले आणि तू लिहितेस, "बाई, आपल्याकडं उन्हाळ्यात बघण्यासारखं आहेच काय? सगळं जळून गेलंय. मैत्रिणी महाबळेश्वरचे फोटो टाकतात आणि मी आजोळी पंख्याखाली पडून असते." वाचून मला तुझा राग नाही आला, वाईट वाटलं. तुझ्या मामांच्या वावराच्या खाली, नाल्याच्या कडेला एक बहावा आहे. तो याच आठवड्यात फुलायला लागलाय. तू इतकी वर्षं आजोळी जातेस आणि तुला तो कुणी दाखवला नाही. शाळेत होतीस तेव्हा मीही दाखवला नाही. तास, परीक्षा, तपासायच्या वह्या, यातच राहून गेलं. म्हणून हे पत्र.

आधी वेळेचं सांगते, कारण आपल्याकडं सगळं तिथंच बिघडतं. नोकरीच्या सुरुवातीला मी एकदा पंधरा लेकरांना घेऊन एप्रिलमध्ये डोंगराकडं निघाले, तेही सकाळी दहाला. अकराच्या सुमारास एका पोराचा घोळणा फुटला, दुसऱ्याला भोवळ आली. चूक माझी होती. त्या लेकरांच्या मनात रान म्हणजे चटका, एवढंच राहिलं. म्हणून पहाटे ऊठ. साडेपाचला घर सोड, नऊच्या आत परत ये. पायात बूट घाल, कारण वाळल्या पाचोळ्यात पाऊल कुठं पडतंय ते दिसत नाही. डोक्याला रुमाल बांध, पाण्याच्या दोन बाटल्या घे. अत्तर-सेंट लावून जाऊ नकोस. कुठं आग्या मोहोळ दिसलं तर लांबूनच वळसा घे.

आणि आजीला बरोबर घे. सोबत म्हणून तर घेच, पण खरं कारण वेगळं आहे. आपण पुस्तकातून झाडं शिकलो, तिनं ती वापरून शिकली आहेत. माझी माय उन्हाळ्यात पळसाच्या पत्रावळी लावायची. पानं आणायला मी तिच्यामागं जायचे. कोणत्या धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, पळसाचं पान रुंद, कोणाचं लवकर फाटतं, हे तिला तोंडपाठ होतं. पळसाची फुलं उकळून रंगपंचमीचा रंगही तीच करायची. ती गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तिला अर्धंही विचारलं नव्हतं. तू विचार. सावरीला आजी काय म्हणते, मेडशिंगी कोणती, धायटी कुठं सापडते, सगळं वहीत लिहून काढ.

पळस या वर्षी तुझा हुकला. शिमग्याला पान नसलेल्या फांद्यांवर केशरी फुलं लागतात तेव्हा आपला उजाड माळ ओळखू येत नाही. आता गेलीस तर त्या फांद्यांवर चपट्या शेंगा दिसतील, टोकाला एकच बी असलेल्या. त्याही बघ. पळसाला संस्कृतात किंशुक म्हणतात. "हा पोपट तर नाही?" असा त्या नावाचा अर्थ जुने लोक लावतात, आणि बाकदार पाकळी हातात घेतली की तो पटतो. या फुलाला वास नाही. त्याचं बोलावणं पाखरांना असतं. मैना, बुलबुल, शिंजीर येतात ते रंग बघून.

लिंबाचा मोहोर चैत्रातला, पण सावलीच्या जागी एखादं झाड अजून फुलांवर असेल. गुढीपाडव्याला गुळासोबत ती फुलं आपण खातो, पण झाडाखाली उभं राहून वास कितीजण घेतात? दिवस मावळल्यावर अंगणातल्या लिंबाखाली दहा मिनिटं बस. एवढंच कर, जास्त सांगत नाही.

आता बहावा. आधी झाड लांबून बघ. पिवळे घोस हातभर खाली लोंबतात आणि त्यांच्यामधूनच गेल्या वर्षीच्या काळ्या शेंगा लटकत असतात. नवं फूल आणि जुनी शेंग एकाच फांदीवर. मग खाली पडलेलं एक फूल उचल, तोडू नकोस. पाकळ्या पाच, पुंकेसर दहा. त्या दहांतले तीन लांब आणि वर वळलेले, बाकीचे आखूड. एवढा फरक का, ते झाडाशी बसलीस तर कळेल. थोड्या वेळानं मोठा काळा भुंगा येईल, फुलाला घट्ट धरून गुरगुरेल. त्याच्या थरथरण्यानं पराग बाहेर उडतो. आखूड केसरांतला पराग तो खायला नेतो आणि लांब केसरांतला त्याच्या अंगाला लागून पुढच्या फुलावर जातो. विज्ञानाच्या तासाला हेच मी फळ्यावर खडूनं काढायचे. त्या भुंग्याचा आवाज मात्र वर्गात कधीच ऐकवता आला नाही.

एका झाडाकडं दहा वेळा जा, दहा झाडांकडं एकेकदा नको. रोज तारीख टाकून दोन ओळी लिही: किती घोस उमलले, खाली सडा किती, कोण आलं होतं. फोटो एकच काढ आणि फोन खिशात ठेव.

2016 चा उन्हाळा तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आमच्या गल्लीतही टँकरची वाट बघत घागरींच्या रांगा असायच्या. त्याच दिवसांत एका सकाळी मी कोरड्या नाल्यातून जात होते आणि समोर बहावा पूर्ण फुललेला. मी तिथंच खाली बसले. खूप रडले. उन्हाळ्यात तो पानं गाळून पाणी राखतो, त्याची मुळं मुरमातून, खडकाच्या भेगांतून खोल जातात, हे मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं. त्या सकाळी ते पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. आपल्या भागाला कुणी नुसतं "दुष्काळी" म्हटलं की मला तो नाला आठवतो.

गुलमोहरही बघ, त्याचा लाल रंग मलाही आवडतो. पण तो मूळचा मादागास्करचा. बहावा आणि पळस इथल्या मातीतले, आणि धुऱ्यावरून नाहीसे होतायत तेही तेच. पिकं निघाली की लोक धुरे पेटवतात. तण जावं, साप-विंचू राहू नयेत म्हणून पेटवतात, त्यांचंही चुकतं असं नाही. पण त्या आगीत पाखरांची घरटी जातात, बहाव्याची वीतभर रोपं जातात. मामांशी भांडू नकोस. पेटवण्याआधी झाडाभोवतीचं वाळलं गवत चार हात साफ करू द्या, एवढं म्हण आणि खुरपं घेऊन तूच सुरुवात कर. ते ऐकतील.

खाली पडलेल्या दोन-तीन शेंगाही घरी आण. बी फार टणक असतं. दगडावर थोडं घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजव, मग पिशवीत लाव. मृगाच्या सरी येईपर्यंत त्याला पाणी घालायचं काम तुझं.

येत्या रविवारी पहाटेच्या पहिल्या गाडीनं मीच तिकडं येते. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि ताकाची बरणी माझ्याकडं. आजीला सांगून ठेव, आणि तिला चालवत नसेल तर मामांची बैलगाडी नाल्यापर्यंत येते का, तेवढं विचारून ठेव.

तुझी,
बाई