राउटर एकदा बंद करून चालू केला, तर कोण जोडलं होतं याचे जुने लॉग परत काढता येतात का?

बहुतेक नाही. घरगुती राउटरचा लॉग (नोंदवही) सहसा रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत असतो, वीज गेली की तोही गेला. 'एकदा बंद करून चालू केला' हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण याच वाक्यावरून माझं एका साहेबांशी कायमचं बिनसलं.

मी डिजिटल पुरावे तपासणाऱ्या लॅबमध्ये नवीन होतो. एका घराच्या वाय-फायवरून धमक्यांचे मेल गेले होते. टीव्हीखाली राउटर, दिवे लुकलुकतायत. साहेब म्हणाले, "प्लग काढ, सील कर." मी म्हटलं, "सर, लॉग मेमरीत आहे, आधी कॉपी करू." "हार्डडिस्क काय अशीच चालू सोडतोस का?" म्हणत त्यांनी स्वतःच अ‍ॅडॉप्टर उपटला.

लॅबमध्ये खोकं उघडलं. बोर्डाच्या कडेला यूआर्टची (वायर लावून राउटरशी थेट बोलायच्या पोर्टची) चार भोकं होती. तीन वायरी डकवल्या (व्हीसीसीला, म्हणजे विजेच्या पिनला हात लावायचा नाही), वेग सेकंदाला ११५२०० बिट ठेवला, स्क्रीनवर बूटच्या ओळी धावल्या. लॉगची पहिली ओळ: १ जानेवारी १९७०! या खोक्यात घड्याळाची बॅटरीच नसते, नेटवरून वेळ मिळेपर्यंत ते १९७० मध्येच असतं. डीएचसीपीची यादी, म्हणजे कोणाला कुठला आयपी पत्ता दिला त्याची नोंद, कोरी. मग आठ पायांच्या फ्लॅश चिपला (वीज गेली तरी हिच्यातलं टिकतं) क्लिप लावून सगळं वाचून काढलं. हाती लागलं ते वाय-फायचा पासवर्ड, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आत यायच्या वाटांची सेटिंग) आणि आयपी राखून ठेवलेला एक मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक. म्हणजे ते उपकरण घराच्या ओळखीचं होतं. त्या रात्री जोडलेलं होतं का, याला पुरावा शून्य.

साहेब पुढे २०१८ चं व्हीपीएनफिल्टर (राउटरमध्ये शिरणारं मालवेअर) तोंडावर फेकायचे: "एफबीआयनेच लोकांना राउटर रीबूट करायला सांगितलं होतं!" अहो, ते मालवेअरचे मेमरीतले भाग उडावेत म्हणून. रीबूटने मेमरी पुसली जाते, हेच तर मी म्हणत होतो.

चालू राउटर हाती आला, तर वायरने लॅपटॉप जोडा, राउटरची वेळ आणि खरी वेळ शेजारी-शेजारी लिहा, मग लॉग, डीएचसीपी, एआरपी (कुठला आयपी कुठल्या मॅक पत्त्याचा, ती यादी) आणि चालू कनेक्शनची यादी उतरवा. कुणी बाहेरून पुसतंय असा संशय असेल, तर मात्र आधी इंटरनेटची केबल काढा, वीज नाही. आणि हो, तुम्ही लॉगिन केल्याचीही लॉगमध्ये नोंद पडू शकते. चालू यंत्राला हात लावला की पुरावा थोडा बदलतो, साहेबांचा तेवढा मुद्दा बरोबर होता.

अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन सहसा प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनवलेला मॅक पत्ता देतो. त्यामुळे फोनच्या खोक्यावर छापलेला पत्ता जुळला नाही म्हणून फोन संशयातून सुटत नाही.

तुमच्या राउटरमधून आता मिळाल्या तर सेटिंग्जच. फॅक्टरी रीसेट तेवढा करू नका, कोणी कितीही मोठ्या आवाजात सांगितलं तरी.