दिवाळीत पोरं लांब, घरी आम्ही दोघंच, सण करावा का नको?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगा जर्मनीत, लेक बेंगळुरूला, यंदा दोघांनाही सुट्टी नाही, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरात तुम्ही आणि तुमचे मालक दोघंच, आणि फराळाचं सामान भरावं का नको इथूनच अडलंय असं तुम्ही लिहिलंय. मी एसटीत कंडक्टर होतो, आता रिटायर आहे. सणाला सगळी दुनिया घरी जाते म्हणून तर दिवाळीत जादा गाड्या सुटतात आणि त्या गाड्यांवर कोणतरी लागतंच, ते आम्ही असायचो. त्यामुळं लांब असलेल्या माणसाच्या बाजूनं मला थोडं सांगता येईल, कारण तुम्ही सगळा विचार घरात राहिलेल्यांच्या बाजूनं केलाय.

माझं म्हणणं एकच आहे, लांबच्या माणसाला सण दाखवत बसू नका, त्याला सणातलं काम लावा.

आता बहुतेक घरात काय होतं, चहाच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा करायचा, मग दिसतंय काय, आवाज येतोय काय, जरा इकडं सरक, समई दिसंना, यातच अर्धी आरती संपते. तिकडं पोरगं बिचारं "छान, छान" म्हणत बसतं आणि फोन ठेवला की त्याला आधीपेक्षा जास्त एकटं वाटतं, कारण त्यानं काही केलेलंच नसतं, नुसतं बघितलेलं असतं. मी मुक्कामी गाडीवर असायचो तेव्हा मोबाईल नव्हते. मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावात थांबणारी, सकाळी तीच पहिली फेरी घेऊन निघते. गावातली माणसं लई मायेची, दिवाळीत फराळाचं ताट गाडीपर्यंत आणून द्यायची, खाण्यापिण्याचं कधी कमी पडलं नाही. रात्री एसटीडी बूथवर लाईन लावायची, उशिरा रेट कमी व्हायचा म्हणून सगळे तेव्हाच यायचे, आणि घरी फोन लागला की मंडळी ओळीनं "हॅपी दिवाळी" म्हणून रिसीव्हर पुढच्याकडं द्यायची. कुणाला काय बोलायचं सुचायचं नाही. एका वर्षी मात्र धाकट्यानं फोन घेतला आणि म्हणाला बाबा, आकाशकंदिलाचा होल्डर सुटलाय, कुठली वायर कुठं लावू. मी म्हटलं आधी बटण बंद कर, मेन स्विच पाड, मग स्क्रू ढिला कर, आणि बिलाचा आकडा पळतोय, मागं लाईनीतली माणसं बोंबलतायत, तरी मी त्याला शेवटपर्यंत सांगितलं. तिकडनं "लागला, लागला" ऐकू आलं तेव्हा वाटलं आता आपली दिवाळी झाली.

म्हणून तुमच्या पोरांना कामं द्या, आणि खरी कामं द्या, उगा मन राखायला दिलेली नकोत. कंदील कुठला घ्यायचा ते मुलाला ठरवू दे, महाद्वार रोडला गेलात की दुकानातनंच फोन लावा, आणि तो जो म्हणेल तोच घ्या, तुम्हाला नाही आवडला तरी. लक्ष्मीपूजनाची आरती त्यानं म्हणायची. सगळ्यांनी एकत्र म्हणायला जाऊ नका, फोनवर आवाज मागंपुढं होतो, दोघं एकदम बोलले की ॲप एकाचा आवाज दाबून टाकतं, नुसता गोंधळ होतो. एक आरती मुलानं म्हणायची, तेव्हा बाकीच्यांनी माईक बंद करून टाळ्या वाजवायच्या, दुसरी लेकीनं, तिसरी तुमच्या मालकांनी. आम्ही असंच करतो, आणि कुणाला कुठलं कडवं येत नाही ते लगेच उघडं पडतं, त्यात चेष्टा होते ती वेगळीच.

वेळेचं आधीच बघून ठेवा. जर्मनीत घड्याळं २५ ऑक्टोबरला एक तास मागं जातात, म्हणजे यंदाच्या दिवाळीत आपल्यात आणि त्यांच्यात साडेचार तासांचा फरक असणार. पहिल्या आंघोळीला पहाटे ५ ला तुम्ही फोन केलात तर तिकडं रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. झोपू दे त्याला, उटण्याची पुडी तेवढी आधी पाठवा, त्याची आंघोळ तो त्याच्या सकाळी करेल. लक्ष्मीपूजन मात्र ८ नोव्हेंबरला रविवारी आलंय, इथं संध्याकाळचे ७ म्हणजे तिथं दुपारचे अडीच, सुट्टी आहे, निवांत बसेल. भाऊबीज ११ ला बुधवारी येते, तेव्हा भावाबहिणीला दोघांनाही ऑफिस. ती सरळ पुढच्या रविवारी, १५ ला करायला सांगा.

तिथी सोडून कसं करायचं असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. पूजा तिथीला करा, बाकीचं माणूस घावेल तेव्हा. आपल्याकडं तुळशीचं लग्न होईपर्यंत दिवाळी चालतेच की, लोक तोवर एकमेकांकडं फराळाला जातात, राहिलेली भाऊबीजपण तेव्हा उरकतात. शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी तुम्हाला माहीत असेल, पिढ्यानपिढ्या फौजेत माणसं देणारं गाव. त्या भागातल्या गाड्यांवर असताना मी बघितलंय, दिवाळी होऊन आठ-पंधरा दिवसांनी लोखंडी ट्रंक घेऊन जवान उतरणार, आणि त्याच्या घरात त्या दिवशी तेल तापणार. कोणी पंचांग काढून बसत नव्हतं. आमच्याकडंपण दिवाळी ड्युटीच्या चार्टवर यायची, बायको आधी चार्ट विचारायची आणि मग करंज्यांचा दिवस ठरवायची. लेकीला बेंगळुरूहून दिवाळीत येता येत नसेल तर २४ नोव्हेंबरला त्रिपुरी पौर्णिमा आहे, पंचगंगा घाटावर पणत्या लागतात, तेव्हा यायला जमतंय का विचारा. तेव्हा गाड्यांचे दरपण उतरलेले असतात.

फराळाचं सांगतो, हे आमच्या मिसेसचं डोकं आहे, माझं नाही. ती लेकीला तयार चकली पाठवत नाही, भाजणी पाठवते. चकली पार्सलमध्ये मोडतेच, कशीही भरा. भाजणीचं पीठ कोरडं, भाजलेलं, हापटलं तरी काही होत नाही, आणि तिकडं तिनं सोऱ्या घेऊन बसायचं, मोहन कमी पडलं की आईला फोन करायचा, मग बिघडली का जमली यावर दोन दिवस बोलणं चालतं. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक उडदाची, अर्धी मुगाची, धणे-जिरे वरनं, सगळं वेगवेगळं भाजायचं आणि गिरणीत जरा जाडसर दळायला सांगायचं. बेंगळुरूला ट्रॅव्हल्सनं सुद्धा जातं.

आणि घरात दोघांसाठी करायचं कशाला असं वाटतंय ना, तर दोघांसाठी करूच नका. दोघांच्या मापानं केलेला फराळ खरंच केविलवाणा दिसतो. शेजारच्या दोन-तीन घरात विचारा, प्रत्येक घरात यंदा कोणतरी आलेलं नसणार, एकत्र बसून एकाच कढईत काढा. आमच्या गल्लीतल्या बायका त्यातले काही डबे ऊसतोडीच्या टोळ्यांना देतात. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू होतात, बीडकडची माणसं येऊन शेताकडंला खोप्या टाकतात, त्यातल्या कितीतरी जणांची पोरं गावाकडं आजी-आजोबांपाशी असतात. हे पुण्याचं काम म्हणून सांगत नाही, चार किलो चकली काढायला काहीतरी कारण लागतं म्हणून सांगतोय.

तुमच्या मालकांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, की ते काही बोलत नाहीत, टीव्ही लावून बसतात. ताई, त्यांना वाईट वाटतंय का म्हणून विचारू नका, आम्ही पुरुष मंडळी त्यावर "मला कशाचं वाईट वाटतंय" एवढंच म्हणणार. त्यांना गंगावेशीत कुंभार गल्लीला पणत्या आणायला पाठवा, पिशवी द्या आणि पाठवाच. गल्लीतली पोरं किल्ला करत असतील तर त्यांच्यात ढकला, माती कालवायला मोठा माणूस पोरांना हवाच असतो, आणि एकदा का बुरूज कुठं घ्यायचा यावर वाद सुरू झाला की माणूस जेवायलापण हाक मारल्याशिवाय येत नाही. पाडव्याला तर तुमचं कुणावाचून अडतच नाही, ओवाळायला बायको आणि ओवाळून घ्यायला नवरा, दोघं आहात. ओवाळणी मात्र जोरात मागा.

एक वेळ अवघड जाते ती सांगून ठेवतो, लक्ष्मीपूजन झाल्यावरचे दोन तास. पूजा झाली, फोन झाला, बाहेर फटाके चाललेत आणि घरात आता काय करायचं हे कळत नाही. त्या वेळेला घरात थांबू नका. जेवण उशिरा ठेवा, अंबाबाईला जाऊन या, गर्दी असतेच पण त्या दिवशी गर्दीच बरी वाटते, नाहीतर कुणाच्या तरी घरी बसायला जायचं आधीच ठरवून ठेवा. तरी रडू आलं तर येऊ दे, पोरांपासनं लपवायचीपण गरज नाही, फक्त फोनवर रडत "कधी येणार" हे त्यांना दहा वेळा विचारू नका. ज्याला रजा मिळत नाही त्याला त्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, मग तो फोनच कमी करतो. मी केलेत.

जर्मनीचं पार्सल दसरा झाला की लगेच टाका, पोस्टातनं जातं. पेढे, बर्फी, खव्याचं काही घालू नका, युरोपात दुधाचे पदार्थ खाजगी पार्सलातनं चालत नाहीत, कस्टमवाले काढून टाकतात. ओल्या नारळाच्या करंज्या तर पोचेपर्यंत वास मारतील. शंकरपाळी, शेव, पातळ पोह्यांचा चिवडा आणि भाजणी द्या, चिवडा दोन पिशव्यात भरून हवा काढून बांधा, आणि कस्टमच्या फॉर्मवर प्रत्येक पदार्थाचं नाव वेगळं, इंग्रजीत लिहा, नुसतं फराळ लिहू नका. सोऱ्या मुलाकडं नसेल तर तोपण त्यातच घाला, पितळेचा नको, वजन लागतं, स्टीलचा बघा.