रात्रपाळीला दोनच मदतनीस असतील तर आग लागल्यावर वरच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना खाली कसं उतरवायचं?

तुम्ही लिहिलंय की वृद्धाश्रम दुमजली आहे, वर १८ जण राहतात, त्यांतले ७ अंथरुणाला खिळलेले आहेत आणि रात्री दोनच मदतनीस असतात. माझं उत्तर: उतरवायचंच नाही, निदान पहिल्या फेरीत तरी. एकाला ओढून न्यायच्या शीटवर घेऊन जिना उतरून परत वर यायला समजा ५ मिनिटं लागली, तरी ७ जणांना ३५ मिनिटं होतात. धूर तेवढी वाट बघत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला मदतनीसांच्या कमरेत त्राण उरत नाही.

म्हणून माणसं आडवी हलवायची. त्याच मजल्यावर, फायर डोअरच्या (आग आणि धूर काही वेळ अडवणाऱ्या दाराच्या) पलीकडे, पुढच्या विभागात. आग वाढली तर त्याच्याही पुढच्या विभागात, आणि जिना सगळ्यात शेवटी. मात्र त्यासाठी मजल्याचे खरोखरच विभाग पडलेले हवेत. शिडी लावा, फायर डोअरच्या वरची फॉल्स सीलिंगची एक टाइल उचला आणि टॉर्च मारा. भिंत वरच्या स्लॅबला टेकलेली दिसली पाहिजे. बऱ्याच ठिकाणी ती सीलिंगपाशीच संपते, किंवा केबलवाल्याने पाडलेलं भोक तसंच असतं. तिथून धूर पलीकडे जाणार आणि खालचं महागडं दार शोभेचं ठरणार. प्रत्येक विभागाला स्वतःचा जिना हवा, आणि पलीकडच्या लोकांना सामावून घेण्याइतकी जागाही.

आता दारं. खोलीचं दार बंद असेल तर आग त्या खोलीपुरती राहण्याची शक्यता खूप वाढते. २००४च्या जानेवारीत स्कॉटलंडमधल्या रोझपार्क केअर होममध्ये एका कपाटातल्या विजेच्या बोर्डापाशी आग लागली आणि १४ रहिवासी दगावले. झोपायच्या खोल्यांची बरीच दारं उघडी होती, आणि कर्मचारी आधी आग शोधत राहिल्यामुळे अग्निशमन दलाला फोन उशिरा गेला. दाराला पाचर किंवा खुर्ची लावून ते उघडं ठेवणं हा आळस नसतो. जड क्लोजरचं (दार आपोआप मिटवणाऱ्या यंत्राचं) दार वॉकरवाल्या आजींना ढकलवत नाही, म्हणून कुणीतरी दयेपोटी ते अडवतं. यावर रागवून उपयोग नाही. एरवी हलकं चालणारा आणि अलार्म वाजला की दार ओढून घेणारा क्लोजर बसवा. तपासणी सोपी आहे: दार चार बोटं उघडून सोडून द्या. ते आपणहून खिटी अडकेपर्यंत मिटलं पाहिजे. बाजूची फट साधारण ३ मिलिमीटर असावी, आणि कडेची, उष्णतेने फुगून फट बुजवणारी पट्टी रंगाखाली गाडलेली किंवा उखडलेली नसावी.

अलार्म वाजल्यावरचा क्रम असा. एक मदतनीस अलार्मच्या पॅनेलपाशी जाऊन त्यावर दिसणारी खोली किंवा झोन (इमारतीचा भाग) वाचतो आणि लगेच अग्निशमन दलाला फोन करतो. ‘आधी बघून येतो’ नाही. अलार्म रीसेट तर मुळीच करायचा नाही, कारण आग कुठून सुरू झाली ही माहिती पुसली जाऊ शकते. पॅनेलशेजारी मजल्याचा नकाशा लावा, त्यावर तेच खोली क्रमांक घाला जे दारांवर आहेत. हे जुळत नाही असं फार वेळा आढळतं. दुसरा मदतनीस त्या खोलीकडे जातो. आत जाता येत असेल तर माणसाला बाहेर काढायचं आणि दार ओढून घ्यायचं. मग शेजारच्या दोन खोल्या, समोरची, आणि तसंच पुढे. कचऱ्याच्या डब्याएवढी आग असेल तरच आग विझवायचा सिलिंडर उचला, तोही पाठीमागे वाट मोकळी असताना.

अंथरुणावरच्यांसाठी गादीखाली कायम पसरून ठेवायची इव्हॅक्युएशन शीट घ्या. पट्टे गादीवर आवळायचे आणि गादीसकट ओढायचं. गुळगुळीत फरशीवर एकटा माणूसही ओढू शकतो. जिन्यावर मात्र दोघं लागतात, पाय पुढे आणि एकजण डोक्याकडून रोखून धरणारा. ओढण्याआधी कॅथेटरची (लघवीच्या नळीची) पिशवी पलंगावरून काढून पोटावर ठेवा, नाहीतर ती पलंगालाच राहते आणि नळी ताणली जाते. एअर मॅट्रेस (पंपाने हवा भरत राहणारी गादी) असेल तर पंप बंद करून नळी काढा, आणि ती शीट त्या मॅट्रेसवर बसते का हे आधीच ओढून पाहा. चादरी बदलताना पट्टे उलटे खोचले जातात, म्हणून आठवड्याला एक नजर टाका.

एअर मॅट्रेसचा आणखी एक धोका असा की सिगारेटने भोक पडलं तर पंप आगीला वारा घालत राहतो. पॅराफिन किंवा तेल असलेली मलमं कपड्यांत, चादरीत मुरतात. असं कापड झटकन पेटतं आणि धुतल्यावरही मलम पूर्ण जात नाही. त्यामुळे मलम लावणारे आजोबा विडी-सिगारेट ओढत असतील तर त्यांच्या आगीच्या धोक्याची वेगळी नोंद करा. ऑक्सिजन वापरात नसेल तेव्हा बंद. नळी चालू ठेवून उशीवर टाकली की अंथरूणच ऑक्सिजन पितं. कपडे वाळवायच्या ड्रायरची जाळी प्रत्येक वेळी साफ करा, आणि तेलकट टॉवेल गरम असतानाच घडी करून रचू नका, ते आपोआप पेटू शकतात.

प्रत्येकाचं एक पान हवं: खोली, ऐकू येतं का, चालता येतं का, किती माणसं लागतात, कशावर हलवायचं. तब्येत बदलली की पान बदला. स्मृतिभ्रंश असलेली माणसं बाहेर काढल्यावर पुन्हा आपल्या खोलीकडे निघतात. पलीकडच्या विभागात त्यांच्यापाशी कुणीतरी हवं, आणि रात्री दोघंच असताना असा माणूस सापडत नाही. माझ्या मते तिथे तिसरा माणूस नेमणं टाळू नये.

सराव दुपारी सगळा स्टाफ हजर असताना घेऊ नका. रात्रीच्या दोघांनाच, दिवे मंद करून, घड्याळ लावून करायला सांगा. शीटवर रहिवाशाऐवजी एखादा कर्मचारी झोपवा. आणि मुख्य फाटकाची किल्ली कुणाकडे असते ते त्याच वेळी विचारा.