नियम इंजिनाचा, बोली काट्यावरची

प्रश्न : आमच्या जिनिंगचे कापूस-खरेदीचे नियम ड्रूल्स या नियम-इंजिनात (लिहिलेले नियम तपासून निर्णय देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) आहेत. ग्रेडरला (कापसाची प्रत ठरवणाऱ्याला) ते मराठीत वाचता-बदलता येतील का?
— एक वाचक, वणी (जि. यवतमाळ)

उत्तर : येतील. त्यासाठी डीएसएल फाइल असते, म्हणजे साधी वाक्यं कोडशी जोडणारी यादी. तिच्यात बरोबर-चिन्हाच्या डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे कोड. बदलता आकडा महिरपी कंसात. नोंदी वरून खाली लागू होतात, म्हणून लांब वाक्य आधी ठेवा. ‘ओलावा जास्त’ वर असेल, तर ‘ओलावा जास्त आणि कवडी’ (कवडी म्हणजे किडका, डागी कापूस) हे वाक्य अर्धवटच कोडमध्ये बदलतं आणि नियम चालतच नाही.

खरा घोळ ‘पर्यंत’चा. समजा, ओलावा 8 टक्क्यांच्या वर 12 पर्यंत असेल तर दरात कपात, पुढे नकार. मग नेमक्या 12 ला काय? ‘12 धरून’ असंच लिहा. ओलावा 8, 8.1, 12, 12.1 असा देऊन नियम चालवून पाहा. कोडवरून वाक्य मात्र ड्रूल्स परत बनवत नाही, तेव्हा दुरुस्ती वाक्यातच करा.